पुस्तकातली खूण कुठं थांबते? वाचन पुन्हा सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बसते. पुस्तक परत आलं की नोंद करण्याआधी पानं फडफडवून बघायची, कारण आत काही ना काही राहिलेलं असतं. एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेचा कापलेला कोपरा, गोळ्यांची रिकामी पट्टी, एकदा तर न भरलेलं वीजबिल. वाचकानं खूण म्हणून ठेवलेली ही चिठोरी कितव्या पानावर सापडतात ते मी बघते. बहुतेक वेळा तिसाव्या, फार तर चाळिसाव्या. तीनशे पानांच्या कादंबरीतही खूण तिथंच असते.

हीच मंडळी कळकळीनं सांगतात, "वाचायची फार इच्छा आहे हो, पण वेळच मिळत नाही." त्यांची इच्छा खरी असते. तीस पानं झाली, म्हणजे थोडाफार वेळही मिळालेला असतो. गाडं अडतं ते पहिल्या चाळीस पानांत. ती पार कशी करायची हे जमलं की पुढचं बरंचसं आपोआप होतं, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पहिली बैठक मोठी ठेवा

नवी कादंबरी उघडणं म्हणजे अनोळखी लग्नघरात शिरणं. कोण कुणाची आत्या, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे कळेपर्यंत माणूस अवघडून बसतो. सोमवारी रात्री चार पानं वाचली, मग गुरुवारी तीन, तर तोवर आधीची नावं विसरलेली असतात. पुन्हा मागं जायचं, पुन्हा तीच पानं. असं दोनदा झालं की पुस्तक टीव्हीच्या शेजारी जाऊन पडतं आणि परत करायची तारीख आली की आमच्याकडे येतं.

यावर उपाय साधा आहे. पुस्तक कामाच्या दिवशी सुरू करू नका. रविवारी दुपारी, जेवणं आवरल्यावर, सलग तासभर बसा आणि पहिली तीस-चाळीस पानं एका दमात वाचा. घर एकदा ओळखीचं झालं की मग रोज पाच पानं वाचली तरी धागा तुटत नाही. आमच्या नेहमीच्या वाचकांना मी एवढा एकच बदल करायला सांगते, आणि खुणा पुढं सरकलेल्या मला दिसतात.

विकत घेण्याआधी सभासद व्हा

पुस्तकं विकत घ्यावीत, जरूर घ्यावीत. पण वाचन थांबलेलं असताना घेतलेली पुस्तकं कपाटात जातात, आणि कपाटातल्या पुस्तकाला कुणी परत मागत नाही. वाचनालयाच्या पुस्तकाला तारीख असते. ती तारीखच माणसाला वाचायला बसवते.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली मान्यता मिळालेली ११,०००हून अधिक ग्रंथालयं राज्यात आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात आणि त्यानुसार त्यांना सरकारी अनुदान मिळतं. तालुक्याच्या गावी तर वाचनालय असतंच, पुष्कळ लहान गावांतही असतं. बाजारपेठेतल्या एखाद्या जिन्यावरची पाटी आपण रोज बघतो आणि पुढं जातो. काही संस्था फार जुन्या आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं.

सभासद व्हायला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि एखादा फोटो लागतो. थोडी अनामत रक्कम, मग महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, तेव्हा पावती जपून ठेवा. नाव घालताना एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांसाठी, आणि मुदत वाढवून मिळते का, हे तीन प्रश्न विचारून घ्या. दोन पुस्तकं मिळत असतील तर एक कादंबरी आणि एक सुटं वाचता येण्यासारखं, म्हणजे कथासंग्रह, ललित लेख किंवा प्रवासवर्णन, अशी जोडी न्या. दमलेल्या दिवशी दुसरं कामी येतं.

मांडणीपाशी उभं राहून निवडा

गाजलेलं, पुरस्कार मिळालेलं, सगळे वाचतात ते पुस्तक तुम्हाला आत्ता हवं असेलच असं नाही. पाच-सहा वर्षं काही वाचलेलं नसताना सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी उचलणारे वाचक मी पाहते, आणि पुस्तक त्यांच्या हातात देताना मला वाईट वाटतं. पायात जोर नसताना कुणी एकदम गड चढायला घेत नाही.

पहिलं पान वाचा. मग मधलं कुठलंही एक पान उघडा आणि तेही सगळं वाचा. सुरुवात पुष्कळांची चांगली असते. मधल्या पानावर लेखकाची रोजची चाल कळते. ते पान संपल्यावर पुढचं पान उलटावंसं वाटलं तर पुस्तक घ्या. जुन्या पुस्तकांत मागच्या पुठ्ठ्याला तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असतो, तोही बघा. शिक्क्यांनी भरलेला कागद म्हणजे गावानं दिलेली शिफारस.

काय आवडेल तेच कळत नसेल तर चौदा-पंधराव्या वर्षी काय आवडत होतं ते आठवा. शिकारकथा? रहस्यकथा? कुणाचं आत्मचरित्र? तिथूनच पुन्हा सुरुवात करा. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळं मराठी वाचताना गती येत नसेल, जोडाक्षरांशी अडायला होत असेल, तर बालविभागातून कुमारांसाठीची पुस्तकं न्या. त्यात कमीपणा अजिबात नाही. चार-पाच पुस्तकांत डोळा सरावतो.

जागा आणि वेळ: पोथीसारखी

माझी आजी दोन यत्ता शिकलेली. चातुर्मासात ती रोज सकाळी पोथी वाचायची. जागा ठरलेली, माजघरातल्या खिडकीखाली; पोथी ठेवायला लाकडी चौरंग, खुणेला मोरपीस. अध्याय सुरू केला की पुरा करायचा, मध्ये उठायचं नाही आणि कुणी हाकही मारायची नाही. "वेळ काढते" असं ती कधी म्हणाली नाही. पोथीची वेळ झाली की ती बसायची. चार महिन्यांत तिचं जेवढं वाचन व्हायचं तेवढं आम्हा शिकलेल्यांचं वर्षात होत नसे.

ही पद्धत कुठल्याही पुस्तकाला चालते. घरातली एक जागा ठरवा आणि पुस्तक तिथंच ठेवा, उघड्यावर, दिसेल असं. वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधा: सकाळच्या चहानंतर, मुलांना क्लासला सोडून वाट बघताना, रात्री भांडी आवरल्यावर. पुस्तकातलं प्रकरण छोटं असेल तर ते पुरं करूनच उठा.

हिशेब मांडून बघा. साधारण मराठी पुस्तकाचं एक पान वाचायला दोन मिनिटं लागतात. दहा पानांना वीस मिनिटं. वर्षातले पासष्ट दिवस लग्नकार्यं, आजारपणं, परीक्षा यांत गेले असं धरलं तरी तीनशे दिवसांत ३,००० पानं होतात, म्हणजे दोनशे पानांची पंधरा पुस्तकं.

फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी तो उशाशी लागतो, असं पुष्कळजण म्हणतात; त्यांनी गजराचं घड्याळ आणावं.

डोळे तपासून घ्या

हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. पंचेचाळिशीतले एक गृहस्थ आमच्याकडचे जुने वाचक. त्यांचं येणं हळूहळू बंद झालं. रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आता वाचनात मन रमत नाही." पुस्तक वाचताना ते हात लांब करून धरायचे, हे मला आठवत होतं. वाचायच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नाही. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होत जाते आणि जवळचं अक्षर स्पष्ट दिसेनासं होतं. डोळ्यांवर ताण येतो, डोकं जड होतं, आणि माणसाला वाटतं आपली गोडीच गेली. चष्मा लागला आणि महिन्याभरात ते पुन्हा येऊ लागले. जुन्या पुस्तकांचा टाईप बारीक असतो आणि कागद पिवळा पडलेला, तेव्हा उजेडही चांगला हवा. दिवा पाठीमागून खांद्यावरून पानावर पडेल असा ठेवा.

अर्धं सोडायचं की नाही?

सोडायचं. मोठी पहिली बैठक दिली, चाळीस पानं मन लावून वाचली आणि तरी पुढं काय होतं याची फिकीर वाटत नाही, तर पुस्तक परत करा. ताटातलं अन्न टाकू नये ही शिकवण पुस्तकाला लावल्यामुळं पुष्कळांचं वाचन अडून राहिलं आहे. नावडतं पुस्तक संपेपर्यंत दुसरं घ्यायचं नाही असं ठरवलेले लोक शेवटी काहीच वाचत नाहीत.

मात्र कंटाळवाणं आणि अवघड यांत फरक करा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलीत लिहिलेली पुस्तकं पहिल्यांदा डोळ्यांना अडतात आणि वाचक ती लगेच मिटतात. अशा वेळी पाच-सहा पानं मोठ्यानं वाचा. जे डोळ्याला कळत नाही ते कानाला कळतं. 'असं आमचे मामा बोलायचे' हे एकदम आठवतं आणि संवाद जिवंत होतात. आपल्या भाषेतलं किती उत्तम लिखाण बोलीत आहे! ते नुसतं न अडखळण्याच्या हट्टापायी सुटू नये, असं मला मनापासून वाटतं.

दिवाळी अंकांचा आधार घ्या

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी वाचकाला ही दरवर्षीची मेजवानी मिळते आहे. वाचन सुरू करायला मला दिवाळीनंतरचे तीन महिने सर्वांत सोयीचे वाटतात. एकाच अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं असतात, कुठूनही सुरू करता येतं. वाचनालयं या दिवसांत अंकांसाठी वेगळी वर्गणी ठेवतात. एक अंक परत करून दुसरा न्यायचा, असे थोडक्या पैशांत ढीगभर अंक वाचून होतात. ज्या लेखकाची कथा आवडली त्याचं नाव टिपून ठेवा आणि पुढच्या खेपेला त्याचं पुस्तक मागा. नव्या लेखकांपर्यंत पोचायचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

वाचनालय जवळ नसेल तर

परगावी, परदेशी असणाऱ्यांना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची कितीतरी पुस्तकं मोफत मिळतात. मराठी विश्वकोशही मोफत वाचता येतो. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लिखाण सर्वांसाठी खुलं होतं, त्यामुळं हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचं लेखन आता कुणालाही मोकळेपणानं छापता आणि वाचता येतं. एसटीत वाचताना मळमळणाऱ्यांनी ध्वनिपुस्तकं ऐकावीत.

आणि महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर वाटेवरच्या भिलारला एक दिवस ठेवा. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचं गाव झालं. गावातल्या घरांत, देवळात, शाळेत मिळून पंचवीस ठिकाणी विषयवार पुस्तकं मांडून सुरुवात झाली. कुणाच्याही ओसरीवर बसून फुकट वाचायचं. मुलांना घेऊन जा.

एकट्यानं वाचू नका

आमच्या गल्लीत बाराजणींची पुस्तक भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं दोनशे रुपये काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिनं त्या २,४०० रुपयांची पुस्तकं घ्यायची. साडी, भांडी काही नाही, फक्त पुस्तकं. पुढच्या महिन्यात तिनं त्यांतल्या एका पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोलायचं आणि मग ती पुस्तकं हातोहात फिरतात. पहिल्या चिठ्ठीत नाव निघालेली बाई घाबरली होती, काय घ्यावं कळेना. तिनं पाककृतींचं एक, मुलासाठी दोन आणि एका नर्सचं आत्मकथन घेतलं. त्या आत्मकथनावर ती पाच मिनिटांऐवजी पाऊण तास बोलली, आणि ते पुस्तक आजतागायत तिच्याकडे परत गेलेलं नाही, इतक्या हातांतून ते फिरतं आहे.

भिशी जमत नसेल तर वही ठेवा. तारीख, पुस्तकाचं नाव आणि आवडलेलं एक वाक्य पान क्रमांकासह, एवढंच लिहा. परीक्षण लिहायला बसलात तर वहीच बंद पडते.

खंड पडला तर

पडतोच. घरात कुणी आजारी, मार्चअखेर, मुलीचं बाळंतपण. महिन्यानं पुस्तक हातात घेतल्यावर पुन्हा पहिल्या पानावर जाऊ नका, तिथंच माणसं कायमची थांबतात. खुणेच्या आधीची दोन-तीन पानं वाचा आणि तसेच पुढं चला. विसरलेली नावं प्रसंग आले की आठवत जातात. मुदत संपली असेल तर पुस्तक घेऊन वाचनालयात या आणि टेबलाशी बसलेल्या माणसाला सांगा, "अजून पंधरा दिवस हवं आहे." पुढं कुणी नंबर लावलेला नसेल तर मी लगेच नवी तारीख मारून देते.