स्पेलिंग बरोबर, शब्द चुकीचा: ऑफिसच्या इंग्रजीत या चुका टाळा

मेलखाली लाल रेघ दिसली नाही की आपण निर्धास्त 'सेंड' दाबतो. पण चुकीच्या जागी बसलेला शब्द स्वतः अगदी बरोबर असू शकतो, आणि मग कॉम्प्युटर बऱ्याचदा गप्प बसतो.

मला विचाराल तर ऑफिसमधली सर्वांत महाग चूक स्पेलिंगची नसते, ती 'पर्यंत'ची असते. 'शुक्रवारपर्यंत पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा' ही दोन्ही वाक्यं मराठीत एकाच 'पर्यंत'वर भागतात. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतो, दुसऱ्याला 'टिल'. काम शुक्रवारी किंवा त्याआधी केव्हाही एकदा उरकायचं असेल तर 'बाय'. एखादी गोष्ट शुक्रवार उजाडेतो चालूच राहणार असेल तर 'टिल'. 'वी नीड द सँपल टिल फ्रायडे' असं सप्लायरला लिहिलंत, तर त्याला वाटेल की शुक्रवारनंतर सँपल त्याला परत मिळणार आहे. तुम्हाला म्हणायचं होतं, शुक्रवारच्या आत आणून दे बाबा!

'डाउट'चं दुखणं याच जातीचं. वर्गात 'सर, डाउट आहे' म्हणत आपण मोठे झालो, कारण मराठीत 'शंका' विचारतातही आणि घेतातही. परदेशी ग्राहकाला मात्र 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर इनव्हॉइस' हे वाक्य बोचतं. तुम्ही त्याच्या बिलावर संशय घेताय असा त्याचा अर्थ होतो. तिथे 'क्वेश्चन' किंवा 'क्वेरी' लिहा. 'बॉरो' आणि 'लेंड'चंही तेच: आपण उसने घेतो नि उसने देतो, इंग्रजीत दोन्ही क्रियापदं वेगळी. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड.

'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या, हे भारतातल्या कुठल्याही ऑफिसात कळतं, त्यामुळे आपसांत मी त्यावर भांडत नाही. पण बाहेर त्याचा रूढ अर्थ आहे पूर्वस्थितीला जाणं. हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या टीमला 'प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंजेस' लिहिताना जरा विचार करा. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांच्या लेखी रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवणं. साधं 'रिप्लाय' काय वाईट आहे?

आता कानाला फसवणारे शब्द. 'काइंडली अ‍ॅडव्हाइस' हे रोज दिसतं. सी असलेला शब्द म्हणजे सल्ला, एस असलेला म्हणजे सल्ला देणं. उच्चारही पहिल्याचा 'स', दुसऱ्याचा 'झ'. विनंती करताना क्रियापद हवं, म्हणजे एसवालं. ब्रिटिश पद्धतीत 'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस' यांनाही नामाला सी, क्रियापदाला एस. फक्त तिथे उच्चार मदतीला येत नाही.

'स्टेशनरी'ची गंमत वेगळी. वह्या-कागदांच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या आरआधी ई, 'पेपर'मध्ये असतो तसाच. ए लिहिला की अर्थ होतो जागचं न हलणारं. मुळात दोघांचं घराणं एकच: मध्ययुगीन युरोपात फेरीवाल्यासारखं न फिरता एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता म्हणजे स्टेशनर.

कर्जाच्या पत्रात 'प्रिन्सिपल' चुकलं तर मुद्दलाचं तत्त्व होतं. मुद्दल ही हिशेबातली मुख्य रक्कम, प्राचार्य हा कॉलेजातला मुख्य माणूस. दोघांच्याही शेवटी ए-एल. तत्त्वाच्या शेवटी एल-ई. 'कॉम्प्लिमेंट'मध्ये पीएलनंतर आय असेल तर कौतुक, ई असेल तर पूरक. हॉटेलातला फुकट नाश्ता आयवाला.

काही शब्द तर इंग्रजी बोलणाऱ्यांनाच चकवतात. मीटिंगमध्ये विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणं, अमेरिकेत तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांमध्ये लांबलचक वाद झाला, दोघांनाही एकच गोष्ट हवी असूनही. चर्चिल यांनी तो किस्सा लिहून ठेवला आहे. 'बायमंथली'चंही असंच, महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा? अशा जागी शब्द सोडा आणि सरळ तारखाच लिहा.