थंडीत गाडीच्या टेंपरेचरचा काटा खाली का येतो?

हायवेला लागलं की काटा घसरतो आणि सिग्नलला थांबलं की पुन्हा चढतो? बहुतेक वेळा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकलेला असतो. आधी गार इंजिनावर कूलंटची पातळी बघा. मग गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, पंख्यापासून जपून. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंशांना उघडतो. तो ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहून मग झपाट्याने तापतो. सुरुवातीपासूनच पाइप हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट बदला. नवा त्याच अंशांचा घ्या, गॅस्केटही नवं. काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि हीटर नुसती कोमट हवा फेकतो.