बोटाचं टोक तुटलं तर काय करायचं

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, माझ्या डाव्या तर्जनीचं टोक गेलं. सोबत्यानं धावत जाऊन रसवंतीवरून बर्फ आणला आणि तुकडा थेट बर्फात दाबला. त्यानं मायेनंच केलं, पण तुकडा गोठून पांढराफटक पडला, कामाचा राहिला नाही. म्हणून नवीन पोरगा कामावर आला की मी त्याला मशीनच्या आधी हे शिकवतो.

मशीन बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. सुतळीनं करकचून बांधू नका, हळद-टूथपेस्ट लावू नका. मग तुकडा शोधा. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात पाहा, हातमोज्यात पाहा, नखाएवढा असला तरी उचला. स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, ओल्या गॉझमध्ये (जखमेच्या जाळीदार कापडात) गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवा. पिशवीतल्या तुकड्याला बाहेरचा बर्फ किंवा पाणी लागता कामा नये. बोटाच्या टोकात स्नायू नसतो, त्यामुळे असा थंड ठेवलेला तुकडा 24 तासांपर्यंतही टिकू शकतो. तरी वेळ घालवू नका. 108 ला फोन लावा, प्लास्टिक सर्जन कुठे मिळेल ते विचारूनच निघा. भूल द्यावी लागते, म्हणून चहासुद्धा पाजू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन राहू देऊ नका.

तुकडा जोडता आला नाही तरी बोट घडवता येतं, बाप्पा! जखम सेंटीमीटरभरच असेल आणि हाड उघडं नसेल, तर बरेचदा नुसत्या ड्रेसिंगवर भरून येते. हाड दिसत असेल तर त्याच बोटाची कातडी व्ही आकारात कापून पुढे सरकवतात. माझं टोक तळव्याच्या बाजूनं तिरकं गेलं होतं. डॉक्टरांनी मधल्या बोटाच्या पाठीवरची कातडी पुस्तकाच्या पानासारखी उलटवून तर्जनीवर शिवली आणि मधल्या बोटावर मांडीची पातळ कातडी लावली. दोन्ही बोटं तीन आठवडे एकमेकांना जोडलेली! शर्टाची बटणं बायको लावायची. मग दुसऱ्या ऑपरेशनात ती वेगळी केली.

या काळात खर्रा, बिडी पूर्ण बंद. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेली कातडी काळी पडू शकते. पोरांनो, हे मी हात जोडून सांगतो.

जखम पक्की सुकली की टोकाचा हुळहुळेपणा कमी व्हावा म्हणून डॉक्टरांना विचारून ते रोज चोळा: आधी कापसानं, मग टॉवेलनं, मग तांदळाच्या डब्यात बोट खुपसून. पहिले दिवस करंट लागल्यासारखं होतं, थांबू नका. थंडी मात्र बाधते. डिसेंबरात पहिल्या पाळीला गाडीचं हँडल धरलं की माझं टोक अजून झोंबतं, तेव्हा लोकरीचा हातमोजा जवळ ठेवा.