गोव्यात दोन पुरुष, एक खोली

जोडीने गोव्याला निघालात, तर खोलीच्या बुकिंगमध्ये दोघांचीही नावं घाला आणि ‘एकच डबल बेड हवा’ असं हॉटेलला कळवून लेखी होकार घ्या. नाहीतर मित्र समजून दोन सुटे पलंग देतात, आणि डिसेंबरच्या गर्दीत खोली बदलून मिळणं कठीण. ओळखपत्रं दोघांचीही लागतात. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. कुणी धमकावलं तर घाबरून पैसे मुळीच देऊ नका.

जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मंगेशीलाही तसंच. बीचवरून थेट बनियन-चड्डीत गेलात तर दारातूनच परतावं लागेल. पिशवीत लुंगी ठेवा. रविवारची सकाळ प्रार्थनेची, ती टाळा.