कुलूप लावण्याआधी: शिक्षकांसाठी एप्रिलअखेरची तयारी

१ मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले की शाळेला कुलूप लागतं ते थेट जूनच्या मध्यावर उघडतं. विदर्भात त्याहूनही उशिरा. तोवर मुलांबद्दलचं निम्मं आपण विसरलेलो असतो. म्हणून नव्या वर्षाची खरी तयारी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पोरं डोळ्यांसमोर असतानाच करावी. हे मी जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा धरून लिहितोय. मोठ्या शाळेत कामं वाटून घेता येतात, एवढंच.

सगळ्यात आधी एक शंभरपानी वही घ्या. प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदी कशा होतात ते आपल्याला ठाऊक आहे: तयार नोंदींच्या पुस्तिकेतलं ‘गणिती क्रिया अचूक करतो’ इथून उचलायचं, तिथे उतरवायचं. त्या नोंदी फायलीला राहू द्या. वहीत मात्र प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार खऱ्या ओळी लिहा. ‘हातच्याची बेरीज येते. वजाबाकीत खालचा अंक मोठा असला की सरळ उलटा वजा करतो. ५०३ मधून १२७ गेले तर ४२४ म्हणतो.’ ‘जोडाक्षरं वाचते, रफार आला की थांबते.’ ‘घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलते, वर्गात गप्प, मैदानावर सगळ्यांना हुकूम सोडते.’ ‘मागे बसलं की फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासायचे राहिलेत.’ यातलं काहीही ‘ब-१’ या श्रेणीतून कळत नाही. बदली झाली तर चार्ज देताना जडसंग्रह नोंदवहीतल्या खुर्च्या-कपाटं मोजून घेतली जातात, ही वही कुणी मागत नाही. आपणहून द्या.

ऊसतोडीवरून आईबापांबरोबर परतलेली मुलं याच सुमारास वर्गात दिसू लागतात. कारखान्याच्या गावी शिक्षण हमी कार्डावर (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड) शाळेत बसली असतील, तर तिथली हजेरी आणि नोंदी आत्ताच मागवून घ्या. बसली नसतील तर तेही वहीत लिहा; जूनमध्ये त्यांना कुठून उचलायचं ते त्यावरून ठरेल. पाचवी आणि आठवीत कुणाला पुनर्परीक्षा द्यावी लागणार असेल, तर निकालाच्या दिवशीच पालकांच्या हातात विषय आणि नेमके घटक कागदावर लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं लग्नसराईत हवेत विरतं.

पहिलीच्या दाखलपात्र मुलांची यादी अंगणवाडीताईंकडून मिळते. ती घेऊन घरोघर एक चक्कर मारा आणि जन्मदाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीला, एकदा चढलेली जन्मतारीख बदलायची तर किती खेटे घालावे लागतात हे पालकांना माहीत नसतं, आपल्याला असतं. शेवटचा वर्ग संपवून दुसरीकडे जाणाऱ्यांचे दाखले लिहून ठेवा, आणि यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरची त्यांची माहिती तपासून घ्या. ऑनलाइन काम राहून गेलं की मूल बसतं नव्या शाळेत आणि नाव अडकतं जुन्या शाळेत.

पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ वजन करूनच नोंदवा, अंदाजाने नको. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. फुटकी कौलं वळवाच्या पावसाआधी बदलून घ्या, टीव्हीची पिन काढा, रजिस्टरं लोखंडी कपाटात घाला. तक्ते-तोरणांवर आत्ता वेळ घालवू नका, मेच्या धुळीत त्यांची रया जाते.

ग्रंथालयाची पुस्तकं एप्रिलमध्ये गोळा करून कपाटबंद करायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. सुट्टीसाठी प्रत्येकाला दोन-दोन द्या. काही हरवतील, फाटतील. वाळवीने खाण्यापेक्षा ते बरं.

किल्लीचा एक जोड शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असू द्या, कारण नवी पाठ्यपुस्तकं आपण गावाला गेलेले असतानाही येऊन पडू शकतात. इयत्तावार पटसंख्या एका कागदावर लिहून त्यांना द्या. गठ्ठे त्याप्रमाणे मोजून घेता येतील आणि कमी पडलेली पुस्तकं शाळा उघडण्याआधीच केंद्रप्रमुखांकडे लेखी मागता येतील.