२५ मीटर पिस्तूल: अ‍ॅलन की हातात घेण्याआधी या चुका टाळा

नवं .२२ (०.२२ इंच व्यासाच्या छोट्या गोळीचं) पिस्तूल घेऊन रेंजवर येणाऱ्यांच्या बॅगेत हल्ली गोळ्यांपेक्षा अ‍ॅलन कीच (स्क्रू फिरवायच्या षट्कोनी चाव्या) जास्त दिसतात. शॉट वर गेला की साइट (नेम धरायची खूण) फिरवायची, केस (गोळीचं रिकामं कवच) अडकली की स्प्रिंग बदलायची, कुठलासा व्हिडिओ पाहिला की नळीखाली वजनं लावायची. पिस्तूल कारखान्यातून चाचणी होऊन आलेलं असतं. त्याचं वाटोळं आपण करतो, आणि तेही पहिल्या महिन्यातच. मी बोलतोय ते २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाबद्दल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तो हा प्रकार. तिथे अंतिम फेरीत बरोबरी झाली आणि निकाल शूट-ऑफवर गेला. अशा वेळी एक केस अडकली तर काय होईल, याचा विचार करा आणि मग पुढचं वाचा.

तेलात बुडवलेलं पिस्तूल

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पिस्तूल अडकतंय म्हणजे त्याला तेल हवंय, असा एक समज घट्ट बसलेला आहे. .२२च्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो आणि बार उडाल्यावर मागे काजळीही उरते. त्यात भरपूर तेल ओतलं की चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) तोंडाशी आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखाली काळा लगदा जमतो. नख केसची कड नीट पकडत नाही, केस अर्धवट बाहेर येते आणि बोल्ट (दर शॉटला मागेपुढे सरकणारा भाग) तिच्यावर येऊन थांबतो.

एका राज्य स्पर्धेत आमच्याकडच्या एका मुलीचं हेच झालं. प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमाचा पहिला टप्पा, छान गेलं होतं. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट शॉटच्या दुसऱ्या टप्प्यात, दर शॉटला टार्गेट तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद लपतं. पाचपैकी तिचा तिसरा शॉट गेला आणि केस अडकली. सरावात ती नेहमी करायची तेच तिने केलं: डाव्या हाताने बोल्ट ओढला, केस झटकली. तिथेच संपलं. बिघाड झाला तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेला ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत बोल्टला, सेफ्टीला हात लावायचा नाही, हा नियम. हात लावला की बिघाड मान्य होत नाही. उरलेले दोन शॉट शून्य, म्हणजे वीस गुणांचा चुराडा.

नंतर मी पिस्तूल उघडलं तर बोटं काळी झाली. "सर, कालच तेल घातलंय!" ती रडवेली होऊन म्हणाली. तेल शिलाई मशीनचं होतं आणि ते मॅगझिनमध्येसुद्धा (गोळ्या भरायच्या डबीत) उतरलं होतं.

माझी सवय सांगतो. चेंबरला नायलॉनचा ब्रश, नखाखाली लाकडी टूथपिक, मग कोरडं फडकं. बोल्टच्या घसरणाऱ्या पट्ट्यांवर बोटाने पुसून एक थेंब. मॅगझिनमध्ये शून्य तेल. मुंबईत समुद्राच्या हवेने गंज धरतो हे खरं, पण त्यासाठी बाहेरून पुसट हात फिरवा आणि पिस्तुलाच्या पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. आणि सरावात केस अडकली तरी हात वरच करा. सरावात जे कराल तेच स्पर्धेत होणार.

धक्का स्क्रूने आवरायला जाणं

.२२चा धक्का तो केवढा! तरी नळी दर शॉटला वेगळ्या दिशेला उडते, कारण दर शॉटला हात वेगळा बसलेला असतो. या पिस्तुलांत धक्क्याने बोल्ट मागे जातो. मनगट सैल असेल तर बोल्टबरोबर अख्खं पिस्तूलच मागे सरकतं, बोल्टला पुरती वाट मिळत नाही, आणि पोरं म्हणतात गोळ्या खराब आहेत. असं पिस्तूल मी माझ्या हातात घेतो, पाच शॉट मारतो, पाचही बिनतक्रार जातात. मग मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आधी ग्रिप, म्हणजे मूठ, बघा. अंगठा आणि तर्जनीमधली खाच शक्य तितकी वर, नळीच्या रेषेजवळ हवी. हात जितका खाली, तितकी नळी जास्त उसळणार. ग्रिप आणि तळव्यात पोकळी असेल तर पुट्टी भरा, वाळू द्या, सॅण्डपेपर मारा, आणि आठवडाभर त्यावर सराव करून मगच पुढचा थर द्या. एका बैठकीत ग्रिप कोरून काढणाऱ्यांची लाकडं मी पाहिली आहेत. नंतर नवीन ग्रिप मागवावी लागते. तळव्याखालची फळी वर वळवू नका, नियमात बसत नाही. मनगटही मोकळं राहिलं पाहिजे.

वजनं शेवटी. पिस्तूल १४०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांतून वर आणायचा असतो, पुढे जड झालेली नळी तिथे उशीर करते आणि पाचव्या शॉटपर्यंत खाली झुकायला लागते. मी एकच छोटं वजन लावतो, महिनाभर ठेवतो, मग ठरवतो.

बाकीच्या

ट्रिगर ओढायला लागणारा जोर किमान मर्यादेवर, बरोबर १००० ग्रॅमवर ठेवून तपासणीला जाऊ नका. दोन-चार टक्के वर ठेवा. स्पर्धेनंतरच्या तपासणीत कमी भरला तर थेट बाद. सिअरच्या (ट्रिगर ओढेपर्यंत बार अडवून धरणाऱ्या भागाच्या) स्क्रूला तर हातच लावू नका. एका ओढीत दोन गोळ्या सुटणारं पिस्तूल धोकादायक असतं, ते काम आर्मररचं, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याचं.

स्प्रिंग कापणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या शेजारच्या लेनवरून उठतो.

हाय व्हेलॉसिटी गोळ्या नकोत. ही पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बनतात. आपल्या पिस्तुलाला मानवणारा गोळ्यांचा एक लॉट (एकाच खेपेत बनलेला साठा) शोधा आणि स्पर्धेपुरता बाजूला ठेवा.

मॅगझिन काँक्रीटवर पाडलं की त्याचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकतात. मॅगझिनवर नंबर टाका. दर वेळी त्याच नंबरला अडकत असेल तर दोष पिस्तुलाचा नाही.

रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर (गोळीविना ट्रिगर ओढण्याचा सराव) करू नका, फायरिंग पिन चेंबरची कड ठोकते. पिस्तुलात ड्राय फायरची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर वापरलेली केस घालून करा, आणि आधी जिवंत गोळी आत नाही ना हे दोनदा बघा.

इतकं करूनही पिस्तूल दगा देऊ शकतं. टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, बराच वेळ गेला, ५७५ गुणांवर अंतिम फेरी हुकली. स्पर्धेला जाताना दुसरं पिस्तूल सोबत असेल तर उत्तम. आपल्याकडे ते बहुतेकांना परवडत नाही, तेव्हा निदान जादा मॅगझिन, एक स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर बॅगेत ठेवा, आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात अ‍ॅलन कीचा संच घरीच राहू द्या.