वेलाला फळ धरत नसेल तर: मधमाशीचं काम हातानं कसं करायचं

त्या हंगामात माझ्या मांडवावरच्या काकड्या सगळ्या वाकड्या निघाल्या. एक टोक जाड, दुसरं उंदराच्या शेपटीसारखं. एक उभी चिरून पाहिली, तर जाड भागात बिया टपोऱ्या आणि निमुळत्या भागात नुसते पांढरे पापुद्रे. लाल भोपळ्याची तऱ्हा याहून वाईट. फुलाखालचं बोराएवढं फळ चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. मला वाटलं, खत कमी पडतंय. खत वाढवलं तर वेल माजला, पानं सुपाएवढी झाली, पण फळ काही धरेना. कमी पडत होत्या मधमाश्या. हे लक्षात यायला माझे तीन आठवडे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी खात्री करून घ्या. पाऊस-वारा नसलेल्या सकाळी फुलं उमलली की एका वेलापाशी दहा मिनिटं शांत बसा आणि फुलांवर किती वेळा माशी उतरते ते मोजा. माझ्या वेलावर दहा मिनिटांत एकच आली. काकडीच्या मादी फुलावर आठ-दहा फेऱ्या झाल्या तर फळ नीट भरतं. कारण प्रत्येक बी धरायला एक स्वतंत्र परागकण लागतो, आणि बी भरली नाही की तिच्याभोवतीचा गरही वाढत नाही. वाकड्या काकडीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. वेल कोवळा असेल तर मात्र थोडी कळ काढा. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस बहुतेक नर फुलंच येतात. आणि बियाणं बिनबियांच्या काकडीचं असेल तर तिला परागीभवन, म्हणजे नर फुलाचा पराग मादी फुलाला लागणं, लागतच नाही, उलट ते झालं तर फळ बेढब होतं. तिला हात लावू नका.

आता हातानं करायचं काम. नर फुलाचा देठ सडसडीत असतो, मादी फुलाच्या मागे पहिल्या दिवसापासून चिमुकलं फळ दिसतं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, पुन्हा उघडत नाही. म्हणजे मादी फुलाला सगळा मिळून एका सकाळचा अवधी. आदल्या संध्याकाळीच फेरी मारून ठेवा. टोकाशी पिवळी झालेली, फुगलेली कळी दुसऱ्या दिवशी उमलणार हे ओळखायला दोन दिवसांत जमतं.

सकाळी ताजं नर फूल देठासकट तोडा आणि त्याच्या पाकळ्या अलगद सोलून काढा. मधला दांडा उरतो, त्याला बोट लावलं की पिवळी पूड बोटाला चिकटली पाहिजे. दवानं भिजून तिचा चिखल झाला असेल तर ते फूल सोडून द्या, दुसरं कोरडं बघा. मग तो दांडा मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या चिकट टोकावर, हलक्या हातानं फिरवा. भोपळ्याच्या कुक्षीला पाळ्या असतात, त्या सगळ्यांना पराग लागायला हवा. एकाच बाजूला लागला तर फळ एकाच बाजूनं फुगतं. हे मी घाईघाईत केलेल्या दोन फळांवर पाहिलं. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं सहज होतात. काकडीचं फूल लहान असल्यानं तिथं रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश बरा पडतो.

झालेल्या फुलाच्या देठाला सैल दोरा बांधा. चार-पाच दिवसांत दोऱ्याजवळचं फळ तुकतुकीत होऊन फुगायला लागलं, तर साधलं. मी पहिल्या आठवड्यात अकरा दोरे बांधले, त्यातली आठ फळं धरली. उरलेली तीन कडक उन्हाच्या दिवशी उशिरा केलेली होती.

दुधी आणि दोडका यांचं वेळापत्रक निराळं. दोडक्याची पिवळी आणि दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीला करायचं. टोमॅटो-वांग्याला फूल तोडायची गरज नाही, कारण नर-मादी भाग एकाच फुलात असतात. त्यांचा पराग बंद नळीतून झटकून बाहेर काढावा लागतो. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो तेव्हा त्या थरथरीनं तो झडतो. मधमाशीला ती थरथर साधत नाही. भुंगे नसतील तर उमललेल्या गुच्छाला दुपारच्या आत बोटानं टिचक्या मारा.

हे सगळं परसबागेपुरतं ठीक आहे. एकरभर वेलांना हात कुठून पुरणार? जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकं कमी-अधिक प्रमाणात मधमाश्या, भुंगे अशा जिवांच्या परागीभवनावर उभी आहेत. माश्यांवर चहूबाजूंनी घाव पडताहेत. बांधावरची, पडीक जागेतली फुलं नाहीशी झाली. व्हरोआ नावाचा कोळीवर्गीय किडा पोळ्यात शिरून पिल्लांवर जगतो आणि विषाणू पसरवतो. त्यात फवारणी. म्हणून दोरे बांधत असतानाच माश्यांना परत आणायचं कामही सुरू करा.

पहिलं म्हणजे, फुलोऱ्यात फवारू नका. अगदीच टळत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा. दुधी-दोडक्याला तर ती वेळही वाईट. आणि जे औषध झाडाच्या अंगात भिनतं ते पराग-मधातही उतरतं, त्याला रात्रीची फवारणी हा उपाय नाही. इमिडाक्लोप्रिडसह अशी तीन कीटकनाशकं युरोपीय संघानं २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला बंद केली. डब्यावरचं घटकाचं नाव वाचल्याशिवाय मी आता झाकण उघडत नाही.

फुलं वर्षभर राहतील असं पाहा. तुळस, कोथिंबीर, बडीशेप फुलावर जाऊ द्या. शेतात मधमाश्यांच्या पेट्या आणायच्या असतील तर थोडी फुलं उमलल्यावर, रात्री आणा. आधी आणल्या तर माश्या दुसऱ्याच फुलांवर जातात आणि तीच वाट धरून ठेवतात. पाण्यासाठी पसरट भांड्यात खडे ठेवा, म्हणजे माश्या बुडणार नाहीत.

आणि थोडी जमीन उघडी सोडा. बहुसंख्य जातींच्या माश्या पोळं करत नाहीत, एकेकट्या मातीत बीळ करून राहतात. माझ्या मांडवाच्या पूर्वेला हातभर जागेत पेन्सिलीएवढ्या जाडीची सात भोकं आहेत. सकाळी एकेक माशी पायांवर पिवळा पराग घेऊन आत शिरताना दिसते. तिथं मी कुदळ लावत नाही, पाचटही पसरत नाही, आणि पाण्याचा पाट वळसा घालून नेलाय.